गावात बाबागाडी वापरायची तर: काळी माती, ऊन आणि उघडी नाली

पहिलेच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही आणि गाड्या विकतही नाही. हिंगणघाटच्या पुढं आमचं गाव, कोरडवाहू वावर, कापूस तूर सोयाबीन, घरात सासू-सासरे, एक लेक आता सव्वादोन वर्षांची, आणि ती तीन महिन्यांची असताना नागपूरच्या नणंदेनं तिच्या पोराची जुनी बाबागाडी पाठवून दिली. तेव्हापासून जे जे चुकलं आणि जे जमलं ते लिहितेय, कारण मोबाईलवर शोधलं तर जे व्हिडिओ येतात त्यात सगळे चकचकीत फरशीवर गाडी ढकलतात, आणि आमच्या गावात तसली फरशी फक्त ग्रामपंचायतीच्या ऑफिसात आहे.

गाडी टेम्पोतून उतरली तेव्हा सासूबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाक पायानं ढकलून पाहिलं आणि म्हणाल्या, “काहून वं, आपल्या कमरा मोडल्या का? लेकरू कडेवर मावत नाही काय?” बरोबरच होतं त्यांचं. कडेवरचं लेकरू चिखलातून जातं, धुऱ्यावरून जातं, एसटीत चढतं, गाडी यातलं काहीच धड करत नाही. पण लेकरू कडेवर घेऊन भाकर थापता येत नाही, आणि बाजेवर टाकलं तर पालथं पडायला लागल्यावर कधी खाली येईल त्याचा नेम नाही. म्हणून माझं म्हणणं असं की गावात गाडी फेरफटक्यासाठी घेऊ नका, तुम्ही जिथं काम करता तिथं लेकराला आणून ठेवायसाठी घ्या, म्हणजे छपरीत, चुलीपासून चांगली पाच-सहा हात दूर, आंगणात कडुनिंबाखाली. एवढं डोक्यात ठेवलं की कोणती गाडी, कोणतं चाक, किती पैसे घालायचे हे बरंच सोपं होतं. तीन कपहोल्डर आणि मोबाईल स्टँडवाल्या गाडीचे पैसे तर नक्कीच वाचतात.

जुनी गाडी आली असेल तर पहिल्या दिवशी लेकराला बसवू नका, कोणी कितीही म्हणो “बसव नं, फोटो काढतो”. कापड निघत असेल तर काढून साबणाच्या पाण्यात घाला, उन्हात वाळवा, तोवर सांगाडा पाहून घ्या. प्रत्येक स्क्रू आणि रिव्हेट हातानं हलवून पाहायचा. पट्टे ओढून पाहायचे, नुसते पट्टे नाही, पट्टा जिथं सीटला शिवलेला असतो ती शिवण, कारण गाडी माळ्यावर पडून असते आणि माळ्यावर उंदीर असतात. आमच्या गाडीचा दोन पायांमधून येणारा पट्टा मागून अर्धा कुरतडलेला होता, समोरून एकदम नवा दिसत होता. आता तोच पट्टा महत्त्वाचा, तो नसला की लेकरू बसल्या बसल्या खाली घसरत जातं आणि कमरेचा पट्टा गळ्याशी येतो. दोन खांद्यांचे, दोन कमरेचे आणि एक मधला असे पाच पाहिजेत. गावच्या चांभारकाकांनी जाड दोऱ्यानं दुहेरी शिवून दिला, वीस रुपये पण घेत नव्हते.

चाकाच्या दांड्यात शिलाई मशीनचं तेल टाका. खायचं तेल टाकू नका, आमच्या ह्यांनी टाकलं होतं, दोन दिवस मस्त पळाली आणि मग सगळ्या गावाची धूळ त्या तेलाला चिकटून चाक जाम झालं. घडी उघडली की लॉक बसल्याचा ‘कट’ आवाज यायला पाहिजे, आवाज आला तरी सीटवर दोन्ही हातांनी दाबून पाहायचं, आणि घडी घालताना-उघडताना घरातली बाकीची पोट्टी दूर ठेवायची. त्या सांध्यात बोट सापडलं तर काय होतं ते लिहीत नाही.

आता ब्रेक. माझं सगळ्यात जास्त बोलणं यावरच आहे.

ब्रेक म्हणजे काय तर मागच्या चाकाच्या दात्यात अडकणारी एक खुंटी, पायानं दाबायची. जुन्या गाडीत ही खुंटी किंवा दाते झिजलेले असतात, सपाट जागेवर ब्रेक लागल्यासारखा वाटतो आणि उतारावर सुटतो. परीक्षा अशी करायची की गाडीत दहा किलो तुरीची चुंगडी ठेवायची, पट्टे बांधायचे, गावात जो काय उतार असेल तिथं ब्रेक लावून उभी करायची आणि बाजूला उभं राहून शंभरपर्यंत मोजायचं. मग हलका धक्का द्यायचा. इंचभर जरी सरकली तरी तो ब्रेक नाही असं समजा. मी ही परीक्षा केली नव्हती म्हणून सांगते. लेक घरी झोपली होती, मी गाडीत हरभऱ्याचा ढोला ठेवून मळणीवाल्याकडून आणत होते, देवळापाशी शेजारची वहिनी भेटली, ब्रेक लावला, बोलत उभी राहिले. बोलणं काय, तिच्या भावाचं लग्न. गाडी आवाज न करता निघाली, आमच्या सिमेंट रस्त्याला दोन्ही बाजूंनी उघडी नाली आहे, सरळ जाऊन तीत उलटी. हरभरा अख्खा नालीत. वहिनी हसली, मी पण हसले, आणि घरी येऊन लेकीला जवळ घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिले.

मी इंग्रजी घेऊन बीए केलंय, तेव्हा पीटर पॅन वाचला होता. १९०४ सालचं नाटक आहे ते मूळचं. त्यात ती हरवलेली पोरं असतात ना, ती कोण, तर सांभाळणारी दाई दुसरीकडे पाहत असताना बाबागाडीतून पडलेली पोरं. वाचताना वाटलं होतं काय गोड कल्पना आहे. नालीपाशी उभी राहून त्या बाईनं दुसरीकडे पाहिलं म्हणजे नेमकं काय केलं ते कळलं, तिला पण कोणीतरी भावाच्या लग्नाचं सांगत असेल. तर ब्रेक लावल्यावरही गाडी उताराला आडवी उभी करायची, तोंड किंवा पाठ उताराकडे नाही. थांबलात तर मागच्या चाकाला एक गोटा लावा, बैलबंडीला लावतो तसाच. आणि हँडलला कापडाची एक दोरी बांधून ती मनगटात अडकवून चाला. दोरी लांब लोंबती ठेवू नका, लेकराच्या हाती लागेल.

चाकांचं सांगते. शहरातल्या गाडीची पुढची चाकं पाच-सहा इंची आणि गोल फिरणारी असतात. आमच्या काळ्या मातीत ही चाकं पावसाळ्यात एक फेरा मारला की लाडू होतात, चाक दिसतच नाही नुसता चिखल दिसतो, आणि उन्हाळ्यात तीच माती फाटते तेव्हा भेगेत चाक अडकून गाडी जागच्या जागी थांबते आणि लेकरू पट्ट्यावर लोंबकळतं. पांदण रस्त्यावर तर नेऊच नका, मुरूम टाकलेला असला तरी. चाक जितकं लहान तितका खड्डा त्याला मोठा, हे बंडीचं चाक पाहून शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं.

यावरून एक गंमत. बाबागाडीला जुन्या इंग्रजीत पेराम्ब्युलेटर म्हणत, त्याचंच पुढं प्रॅम झालं. पण हाच शब्द आधी रस्ता मोजायच्या चाकाला होता, एक मोठं चाक, त्याला दांडा, सर्वेवाला माणूस ते ढकलत चालायचा आणि फेऱ्यांवरून अंतर निघायचं. आमच्या हिंगणघाटात विल्यम लॅम्बटनची कबर आहे, भारताची ती त्रिकोणांची मोठी मोजणी ज्यानं सुरू केली तोच, १८२३ मध्ये इथंच वारला. तो स्वतः साखळी आणि थिओडोलाइटवाला, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीवाला, पण रस्त्यांच्या मोजणीला हिंदुस्थानात ते चाक वापरत. मी विचार करते, ते चाक याच मातीवरून ढकलायचं असेल तर ते मोठंच असणार, पाच इंची चाक घेऊन साहेब नागपूरपर्यंत पोचला नसता.

तर आम्ही पुढची चाकं बदलली. पुढची फिरणारी दोन्ही खोलून काढली, एकाची मधली प्लास्टिकची पिन तशीही तुटली होती, ते चाक चालताना डोकं हलवणाऱ्या म्हाताऱ्यासारखं हलायचं. भंगारवाल्याकडं लहान पोरांच्या सायकलची बारा इंची चाकं मिळाली, दोन चाकं दोनशे रुपये, आणि वेल्डिंगवाल्यानं आडवा दांडा बसवून दिला. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा जी आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली, चाक मोठं लावलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि सगळा भार मागं जातो, मग जरा हँडल दाबलं की गाडी मागं कलंडते. म्हणून दांडा सांगाड्याच्या खालून न लावता वरच्या बाजूनं लावायला सांगा, म्हणजे सीट पहिल्यासारखीच राहते, आणि परत ती तुरीची चुंगडी ठेवून मागं कलते का पाहा. वेल्डिंग झाल्यावर टोकं घासून घ्या, कापूस हाती लावून फिरवा, कापूस अडकला तर तिथं धार आहे. आणि गावातलं साधं वेल्डिंग नव्या हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाडीला होत नाही, लोखंडी असेल तरच. नवीनच घेणार असाल तर हे सगळं करण्यापेक्षा मोठ्या चाकांची तीनचाकी गाडी पाहा, पैसे जास्त पण एकदाच.

बकरीचं सांगायचं राहिलं. १७३३ च्या सुमारास इंग्लंडात विल्यम केंट म्हणून एक होता, बागा आणि इमारतींचे नकाशे करायचा, त्यानं डेव्हनशायरच्या ड्यूकच्या पोरांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. पहिली बाबागाडी म्हणतात ती हीच. ती माणसानं ढकलायची नव्हती, तिला बकरी नाहीतर लहानसं तट्टू जुंपायचं. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या शेंगा फोडता फोडता थांबल्या, “बकरी? आपली बकरी तं तुरीच्या वावरात नेईन लेकराले.” त्यांना खरंच काळजी वाटली असावी, कारण संध्याकाळी त्यांनी बकऱ्यांचा खुंटा गाडीपासून आणखी दूर ठोकला. ते योग्यच होतं, बकरी गाडीचं कापड खाते, पट्टेही खाते.

लेकरू बसवायचं कधी? तर मान पक्की धरल्याशिवाय आणि आधारानं नीट बसता आल्याशिवाय उभ्या पाठीच्या सीटवर नाही, म्हणजे साधारण सहा महिने धरा, आणि आपलं लेकरू उशिरा बसत असेल तर उशिरा. त्याआधी गाडीची पाठ पूर्ण आडवी होत असेल तरच. अर्धवट कललेल्या सीटवर लहान लेकरू झोपलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते, त्याचा आवाजही येत नाही, म्हणून झोपलं की पाठ सपाट करा, होत नसेल तर उचलून सपाट जागी टाका, झोपमोड झाली तर झाली. सीटमध्ये उशी, घडी केलेलं लुगडं, असं काही कोंबू नका, आमच्याकडं प्रत्येक येणारी बाई एक उशी सुचवून जाते.

पहिलं वर्षभर तोंड आपल्याकडं असू द्या. सीट उलटसुलट होणारी गाडी काही आजची नाही, विल्यम रिचर्डसन नावाच्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन माणसानं १८८९ मध्ये तसलं पेटंट घेतलंय, बाळ आईकडं पण आणि बाहेर पण. आमची गाडी तशी नाही, तोंड बाहेरच असतं, मग मी काय करते, काम करताना गाडी माझ्याकडं तोंड करून उभी करते आणि ढकलायची वेळ आली की मान पुढं काढून तिच्याशी बोलत राहते. लोकांना वाटतं बाई एकटीच बडबडते.

ऊन. हे नीट वाचा कारण इथं चांगल्या चांगल्या घरात चूक होते. मे महिन्यात वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या वर जातो हे आपल्याला काय सांगायचं. तर गाडीत लेकरू आणि वरून ओढणी किंवा पातळ चादर टाकून द्यायची, ऊन लागू नये म्हणून, असं सगळेच करतात. करू नका. कापड पातळ असलं तरी हवा कोंडते आणि आतलं बाहेरच्याहून तापतं, आणि वरून झाकलेलं म्हणून लेकराचा चेहराही दिसत नाही. खात्री करायची तर रिकाम्या गाडीवर ओढणी टाका, दहा मिनिटांनी आत हात घाला. मी घातला होता, पुन्हा कधी ओढणी टाकली नाही. गाडीचं स्वतःचं छप्पर पुरे, बाजू उघड्या पाहिजेत. ओलं कापड टाकून कुलर होतो असंही कोणी सांगेल, तेही सगळीकडून झाकून नाही. दहा ते पाच गाडी आंगणात काढायचीच नाही, घरात ठेवायची, आणि टिनाच्या छपरीत तर अजिबात नाही कारण टिन वरून भट्टीसारखं तापतं.

सावलीचं पण गणित आहे. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला असते आणि दुपारनंतर ती पूर्वेकडं सरकते, तुम्ही सकाळी आठला सावलीत गाडी लावून धुणं धुवायला बसलात तर नऊपर्यंत लेकराचे पाय उन्हात आलेले असतात. बुंध्याला जवळ लावा आणि दर थोड्या वेळानं पाहा. बकलं लोखंडी असतील तर बसवायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूनं लावून बघायची, तळहात आपला कामानं निबर झालेला असतो, त्याला काही कळत नाही. काळं रेक्झिन असेल तर वर सुती कापड शिवून घ्या.

आणि रोज, म्हणजे रोज, बसवायच्या आधी गाडी उचलून एकदा आपटायची आणि सीटच्या मागं, घडीच्या खाचेत, टोपलीत हात न घालता आधी काडीनं हलवून पाहायचं. पावसाळ्यात इच्चू आणि गोम कोरड्या कापडात येऊन बसतात. आमच्या गाडीत एकदाच निघाला, लहानसा, पिवळसर, पायाच्या पट्टीच्या शिवणीत. सासऱ्यांनी चपलेनं मारला आणि त्या दिवसापासून ते स्वतःच सकाळी गाडी आपटतात, मी सांगायच्या आधी. संध्याकाळी मच्छरदाणी लावा पण ती ताणून बांधलेली असावी, लेकराच्या तोंडावर लोंबणारी नको, आणि आत हात घालून एकदा डास अडकलाय का पाहा नाहीतर आपण त्यालाच जेवायला वाढल्यासारखं होतं.

खालची टोपली आणि हँडल याबद्दल माझं मत कडक आहे. हँडलला पिशवी अडकवायची नाही. आठवडी बाजारात एका बाजूला कांदे, एका बाजूला वांगे, लेक गाडीत आहे तोवर सगळं बरोबर असतं, तिला उचललं की पुढचा भार गेला आणि गाडी कांद्यासकट मागं उताणी. हे उलटंही होतं आणि ते वाईट, पिशवी जड झाली तर लेकरासकट मागं जाते. सामान खाली टोपलीत, आणि तेही हलकं, दुपटी, पाण्याची बाटली, एक जोड कपडे.

टोपलीत दागिना, पाकीट, मोबाईल ठेवू नका, आणि हे मी चोरीसाठी म्हणत नाही फक्त. शूद्रकाचं मृच्छकटिक आठवा, आपल्या देवलांनी ज्याचं मराठीत संगीत नाटक केलं. नावच मुळी मातीची गाडी. चारुदत्ताचं पोरगं रडतं, शेजारच्या पोराची सोन्याची गाडी पाहून, याला दासी मातीची देते, ती याला नको. वसंतसेनेला दया येते, ती अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते, घे म्हणते, कर सोन्याची गाडी. आणि पुढं तेच दागिने न्यायालयात चारुदत्ताच्या मित्राकडून खाली पडतात आणि चारुदत्ताला सुळावर जायची वेळ येते, म्हणे यानंच दागिन्यांसाठी मारलं तिला. लेकराच्या गाडीत सोनं ठेवलं की असं होतं. आणि ऑस्कर वाइल्डचं १८९५ चं ते विनोदी नाटक, त्यातल्या मास्तरीणबाई मिस प्रिझम, एका हाती स्वतः लिहिलेली तीन खंडांची कादंबरी आणि दुसऱ्या हाती बाळ, घाईत कादंबरी ठेवली गाडीत आणि बाळ ठेवलं पिशवीत. पिशवी गेली स्टेशनवरच्या सामानघरात. आम्ही वर्गात हसून हसून मेलो होतो. आता लेकीला घेऊन, छत्री, दवाखान्याची फाईल, डबा, सगळं सांभाळत उपकेंद्रात लसीला जाते तेव्हा मला मिस प्रिझमचा राग येत नाही. उपाय एकच, गाडीला एक पिशवी ठरलेली ठेवा आणि तिच्यात लेकराच्याच वस्तू, बाकी सगळं स्वतःच्या खांद्यावर.

वावरात गाडी न्यायची का? नाही. सोयाबीन सोंगणीला, कापूस वेचायला बाया येतात, त्यांची लेकरं लुगड्याच्या झोळीत असतात आणि झोळीला मी गाडीपेक्षा वरचा नंबर देते. जुनं मऊ पण न विरलेलं लुगडं घ्या, गाठ फांदीला दोन वेळा फिरवून, फांदी जिवंत आणि मनगटापेक्षा जाड, बाभळीची नको काट्यांमुळं, झोळी जमिनीपासून हात-दीड हात, म्हणजे सुटली तरी लागणार नाही, आणि खाली जुनं पोतं. बांधल्यावर आधी स्वतः हातानं लोंबकळून पाहा. झोळीत पण तेच, हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही आणि चेहरा कायम दिसला पाहिजे. धुऱ्यावर एखादी म्हातारी किंवा मोठं पोरगं लेकराजवळ ठेवावंच, कुत्रे असतात, आणि दुपारी सावली तिथंही सरकते.

बंडीखाली झोपवण्याची पद्धत मात्र आता बंद करा. सावली असते, हवा असते, कळतं मला, माझ्या सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला तिथंच वाढवलंय. पण भागवताच्या दहाव्या स्कंधात काय आहे? यशोदेच्या घरी कार्यक्रम, पाहुणे आलेले, बाळकृष्ण पालथा पडायला लागला त्याचा सोहळा. बाळ झोपलं म्हणून तिनं त्याला गाड्याखाली ठेवलं, वर दूधदह्याची भांडी. बाळ उठलं, भुकेनं रडलं, पाहुण्यांच्या गडबडीत तिला ऐकूच आलं नाही. त्यानं पाय झाडले आणि गाडा उलटला, चाकं निखळली, जू मोडलं. जवळची पोरं सांगत होती यानंच पाडला, कोणी मोठ्या माणसानं खरं मानलं नाही. आता कृष्ण आमचा जावई, रुक्मिणी आमच्या कौंडण्यपूरची, अमरावती जिल्ह्यातली, त्यामुळं त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही, पण आपलं लेकरू काही गाडा उलटवून हसत राहणार नाही. बैल सोडलेले असले तरी बंडीचं जू कोणीतरी वर उचलतं, वर रचलेलं सामान निसटतं. सासूबाईंना ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे, मी फक्त म्हटलं, “आई, यशोदेला रडणं ऐकू आलं नव्हतं.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण वेचणीच्या वेळी नातीची झोळी त्यांनीच बांधली, आंब्याला.

एसटीनं जायचं असेल तर जड गाडी घरी ठेवा. आमची नऊ-दहा किलोची आहे, सीटखाली जात नाही, मधात ठेवली की कंडक्टर ओरडतो आणि त्याचं बरोबर असतं. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी मिळते ती प्रवासाला ठीक, तिचीही गोष्ट भारी आहे, ओवेन मॅक्लॅरेन हा विमानांचा इंजिनिअर, स्पिटफायर विमानाची चाकं पंखात मिटतात ना, त्या कामातला माणूस, त्यानं १९६५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची मिटणारी गाडी काढली, वजन फक्त पावणेतीन किलोच्या आसपास. पण ती छत्रीवाली गाडी बसत्या लेकरालाच, आणि आपल्या रस्त्यावर तिची चाकं दोन महिने टिकतात. तालुक्याला दवाखान्यात जायचं तर मी दुपट्ट्यानं बांधून नेते.

वॉकरबद्दल विचारतात म्हणून दोन ओळी. ते गोल, मधात लेकरू बसवायचं चाकांचं वॉकर घेऊ नका, फुकट मिळालं तरी नको. लेकरू त्यात दोन पावलांत चुलीपाशी पोचतं, पायरीवरून पडतं, आणि चालायला लवकर शिकतं हेही खरं नाही. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच आहे. आपला लाकडी तीनचाकी पांगुळगाडा चांगला, कारण त्यात लेकरू बसत नाही, मागं उभं राहून ढकलतं, थकलं की खाली बसतं. फक्त चाकं जरा जड फिरणारी असावी, गुळगुळीत फरशीवर पळून जातो, ती फरशी आमच्याकडं नाही हे आधीच सांगितलंय.

पावसाळ्यात गाडी लागत नसेल तेव्हा धुऊन कोरडी करून, चाकं जमिनीला न टेकता, भिंतीला खिळा ठोकून टांगून ठेवा. माळ्यावर नको, उंदीर. कापड वेगळं काढून पेटीत, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला. पट्ट्यांची बकलं बंद करून ठेवा नाहीतर आत मुंग्या घर करतात.

आमची आता या गाडीत बसत नाही, दोन मिनिटांत पट्ट्यातून हात काढते. गाडीतून मी सध्या पाण्याच्या कॅना आणते, बारा इंची चाकांवर मस्त येतात. आणि ती काढून ठेवलेली पुढची दोन लहान चाकं, ज्यांना मी एवढ्या शिव्या दिल्या, ती परवा सुतारानं मागून नेली, म्हणे तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाला, लेकीचा नंदीबैल करून देतो, पुढं हीच लावतो, मागं लाकडी. मी म्हटलं एकाची पिन तुटली आहे, डोकं हलवत चालतं ते. तो म्हणाला, “नंदीनं डोकं हलवलंच पायजे नं वहिनी.”